मायक्रोकंट्रोलरशी कमांड लाईनवरून सीरियलने बोलणं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चवथ आटोपली की वाड्यावाड्यावर नरकासुराचे, म्हणजे दिवाळीत जाळायच्या हलत्या पुतळ्यांचे, वेध लागतात आणि मग फोन सुरू होतात, बोर्ड (आर्डुइनो, ईएसपी३२ असा मायक्रोकंट्रोलरचा) लॅपटॉपला लावलाय पण बोलत नाही, नाहीतर बोलतोय पण नुसता कचरा बोलतोय. उरलेलं वर्ष कुळागरात (पोफळीच्या बागेत) पंपाला कंट्रोलर लावणाऱ्यांचं. प्रश्न तेच तेच असतात म्हणून उत्तरं एकदाची एकत्र टाकलीत. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना अर्थात इंग्रजी अक्षरांत करायच्या, कॅपिटल-स्मॉलचा फरक पडतो तिथे सांगितलंय. उदाहरणं बहुतेक लिनक्सची आहेत (उबुंटू, डेबियन, रास्पबेरी पाय), विंडोज-मॅकवाल्यांसाठी वेगळा प्रश्न खाली आहे.

आर्डुइनो आयडीईत (प्रोग्राम लिहून बोर्डात भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सीरियल मॉनिटर आहे ना, मग टर्मिनलची भानगड कशाला?

नुसतं बघायचं असेल तर नकोच भानगड, मॉनिटर चांगलाय. पण रात्रभर सेन्सरचे आकडे फाइलीत जमा करायचेत, प्रत्येक ओळीपुढे वेळ हवी, पंपाच्या खोलीत स्क्रीन नसलेला रास्पबेरी पाय बसवलाय आणि घरी बसून एसएसएचने (नेटवर्कवरून) त्याच्या टर्मिनलात शिरायचंय, नाहीतर रोज सकाळी सहाला क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) आपोआप एक कमांड पाठवायचीय, हे त्या खिडकीतून होत नाही. लिनक्सला सीरियल पोर्ट म्हणजे एक फाइलच, त्यामुळे फाइलीशी जे जे करता येतं त्यातलं बरंचसं पोर्टाशीही करता येतं. आणि मला विचाराल तर खरा फायदा वेगळाच आहे: आयडीई बरंच काही तुमच्या नकळत करून टाकतं, टर्मिनलमध्ये ते तुम्हालाच सांगावं लागतं, मग बिघडलंय नेमकं कुठे ते कळायला लागतं. पोर्ट, परवानगी, स्पीड, वायर, रीसेट आणि ओळीचा शेवट, दहातल्या नऊ तक्रारी यातच कुठेतरी सापडतात.

थिअरी नंतर, आधी काय टाईप करू ते सांगा.

बोर्ड लावा, पाच सेकंद थांबा, ‘सुडो डीमेसेज’ चालवा (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी; सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) आणि अगदी शेवटच्या ओळी बघा. स्वस्तातला ऊनो किंवा नॅनो असेल तर ‘सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०’ अशा अर्थाची ओळ दिसेल, तिथलं शेवटचं नाव म्हणजे तुमचा पोर्ट. मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पिकोकॉम’, आणि मग:

पिकोकॉम -बी ११५२०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०

यात टीटीवाय स्मॉल आणि यूएसबी कॅपिटल. ११५२०० च्या जागी तुमच्या स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये) ‘सीरियल डॉट बिगिन’च्या कंसात जो आकडा आहे तो टाका. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग कंट्रोल-एक्स. झालं, एवढ्यात बोर्ड बोलला तर बाकीचं वाचायची गरज नाही.

काहींचा पोर्ट टीटीवाययूएसबी० असतो, माझा टीटीवायएसीएम० का?

कारण तुमच्या बोर्डात वेगळी चिप आहे. सीएच३४०, सीपी२१०२, एफटीडीआय, पीएल२३०३ अशा यूएसबी-टू-सीरियल चिपा टीटीवाययूएसबी नावाने येतात. अस्सल ऊनो, लिओनार्दो, रास्पबेरी पाय पिको हे स्वतःला यूएसबीचं एक प्रमाण मॉडेम म्हणून ओळख करून देतात, ते टीटीवायएसीएम. वापरण्यात फरक जवळजवळ नाही. मात्र पिको आणि लिओनार्दोमध्ये यूएसबीवरचा बॉड रेट (बिट पाठवायचा स्पीड) हा नुसता शोभेचा असतो, १२०० सोडून कुठलाही आकडा टाका, डेटा यूएसबीच्याच वेगाने जातो.

डीमेसेजमध्ये काहीच येत नाही हो.

केबल बदला. खरंच, आधी केबल. पॉवर बँकेबरोबर येणाऱ्या कितीतरी केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्याच दोन वायरी असतात, बोर्डावरचा एलईडी पेटतो म्हणून माणूस केबलवर संशय घेत नाही आणि तासभर ड्रायव्हर शोधत बसतो. डेटा जाणारी एक केबल वेगळी ठेवा आणि तिला रंगीत टेप लावा.

केबल ठीक असेल तर कनेक्टर बघा. किनाऱ्याजवळच्या घरात, त्यात जून ते सप्टेंबरच्या दमटपणात, बोर्डाच्या यूएसबी सॉकेटवर हिरवट-पांढरा थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, नीट वाळू द्या, मग लावा.

आणि एक खास केस: ओळ येते, पोर्ट मिळाल्यासारखं वाटतं आणि लगेच पुढच्या ओळीत ‘डिसकनेक्टेड’. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० वाल्यांना हे हमखास भेटतं. ब्रेल डिस्प्ले चालवणारं बीआरएलटीटीवाय नावाचं पॅकेज त्या चिपेला आपलं यंत्र समजून ताब्यात घेतं. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका, बोर्ड काढून परत लावा.

‘परमिशन डिनाइड’ येतं. सुडो लावून चालवलं तर चालतं, मग तसंच चालवू का?

नको. आज चालेल, उद्या सुडोने बनवलेली लॉग फाइल तुमच्याच नावाने उघडणार नाही, परवा स्क्रिप्टही सुडोने चालवावी लागेल. उबुंटू-डेबियनमध्ये पोर्ट ‘डायलआउट’ नावाच्या ग्रुपचा असतो, त्या ग्रुपात स्वतःला घाला: ‘सुडो युजरमॉड -एजी डायलआउट’ आणि पुढे तुमचं युजरनेम. ए स्मॉल, जी कॅपिटल, आणि तो ए विसरू नका, नुसता जी दिलात तर बाकीच्या सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडाल, सुडोच्यासुद्धा. नंतर लॉग आउट करून परत लॉग इन करा. नुसती टर्मिनलची खिडकी बंद-चालू करून भागत नाही, इथे बरेच जण अडकतात. आर्च लिनक्सवर त्या ग्रुपचं नाव यूयूसीपी आहे.

आमच्याकडे विंडोज आहे. मॅक आहे.

विंडोजवर पोर्टचं नाव डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं, कॉम३, कॉम५ असं काहीतरी. कमांड लाईनवरच राहायचं असेल तर पुट्टीबरोबर येणारा पीलिंक वापरा: ‘पीलिंक -सीरियल कॉम३ -एसईआरसीएफजी ११५२००,८,एन,१,एन’. शेवटचा एन कॅपिटल, तो फ्लो कंट्रोल (पलीकडच्याला थांब-चालू सांगायची सोय) नको असं सांगतो. आर्डुइनो-सीएलआय टाकलं असेल तर त्याची ‘मॉनिटर’ कमांडही आहे. डब्ल्यूएसएल२ मध्ये यूएसबी आपोआप दिसत नाही, त्यासाठी यूएसबीआयपीडी-विन नावाचं टूल लावून बोर्ड आत द्यावा लागतो, नवीन माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

मॅकवर ‘एलएस /डेव्ह/सीयू.*’ करा. तिथे एकाच पोर्टाची दोन नावं असतात, एक टीटीवायवालं आणि एक सीयूवालं, तुम्ही सीयू घ्या, कारण टीटीवायवालं पलीकडून कॅरियर सिग्नलची वाट बघत अडकू शकतं. पिकोकॉमसारखंच पोर्टाशी बोलायला ‘स्क्रीन’ नावाचा प्रोग्राम मॅकमध्ये आधीपासूनच असतो.

‘स्क्रीन’ प्रोग्राममध्ये शिरलो, आता बाहेर कसा पडू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. कंट्रोल-ए दाबा, सोडा, मग के, मग ‘खरंच का’ विचारेल तेव्हा वाय. टर्मिनलची खिडकी सरळ बंद करून टाकलीत, किंवा कंट्रोल-ए आणि डी दाबलंत, तर स्क्रीन मरत नाही, मागे चालू राहतो आणि पोर्ट धरून बसतो, आणि मग स्केच अपलोड करताना ‘डिव्हाइस बिझी’ येतं. ‘स्क्रीन -एलएस’ केलंत की असे मागे राहिलेले दिसतील.

प्रत्येक प्रोग्रामची बाहेर पडायची वाट निराळी. पिकोकॉमची वर दिलीय. मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए मग एक्स. टीआयओमध्ये कंट्रोल-टी मग क्यू. पायथनच्या मिनिटर्ममध्ये कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस. सीयू नावाच्या प्रोग्राममध्ये नवीन ओळीवर टिल्ड आणि पूर्णविराम. हे सगळे पाठ करण्यात अर्थ नाही, एक निवडा आणि त्यालाच धरून राहा.

कुठला निवडायचा म्हणाल तर माझं मत पिकोकॉम किंवा टीआयओ. टीआयओचा मोठा गुण म्हणजे बोर्ड काढला तरी तो थांबून राहतो आणि परत लावला की आपोआप जोडतो, स्टेजमागे अंधारात कोणाचा तरी पाय केबलवर पडतो तेव्हा हे फार कामाला येतं. स्क्रीन मुळात सीरियलसाठी बनवलेलाच नाही, जमून जातं एवढंच.

स्क्रीनवर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, नुसता कचरा येतोय.

नव्वद टक्के वेळा बॉड रेट चुकलेला असतो. सीरियलमध्ये घड्याळाची वेगळी वायर नसते, दोन्ही बाजूंनी आधीच ठरवायचं असतं की एक बिट किती वेळाचा. ९६०० ला एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा, ११५२०० ला जेमतेम ८.७ चा. बोर्ड एका मापाने पाठवतोय आणि तुम्ही दुसऱ्या मापाने मोजताय म्हटल्यावर अक्षरं कुठून जुळणार. स्केचमधला आकडा बघा, तो सापडत नसेल तर ९६००, ११५२००, ५७६००, ३८४०० या क्रमाने टाकून बघा, पिकोकॉममध्ये बाहेर न पडता कंट्रोल-ए मग कंट्रोल-यू किंवा कंट्रोल-डी ने स्पीड वरखाली करता येतो.

ईएसपी८२६६ वाल्यांनो, पॉवर दिल्यावर पहिली ओळ-दोन ओळी कचरा आणि मग सगळं स्वच्छ, असं असेल तर बोर्ड ठीक आहे. त्या चिपेच्या आतला बूट कोड ७४८८० अशा विचित्र स्पीडने बोलतो (नेहमीच्या २६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर), नंतर तुमचं स्केच ११५२०० ला सुरू होतं. ईएसपी३२ मध्ये हा त्रास नाही, तो बूटलाही ११५२०० च बोलतो.

स्पीड बरोबर असूनही मधूनच एखादं अक्षर बिघडत असेल तर जीएनडीची (ग्राउंडची) वायर बघा. आणि थोडं सूक्ष्म कारण असं की १६ मेगाहर्ट्झच्या ऊनोला ११५२०० नेमका जमतच नाही, सुमारे २.१ टक्के फरक पडतो, ९६०० ला तोच फरक ०.२ टक्के. एका बाजूचे दोन टक्के खपून जातात, दोन्हीकडचा फरक मिळून पाचाच्या आसपास गेला की बाइट फुटतात. लांब वायर, शेजारी मोटर, आणि फार डेटा नाही, अशा ठिकाणी मुकाट्याने ९६०० लावा.

पोर्ट उघडला की बोर्ड रीसेट होतो. नरकासुराचा हात वर गेलेला असतो तो धाडकन खाली येतो.

हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. ऊनोमध्ये डीटीआर नावाची सीरियलची एक लाईन १०० नॅनोफॅराडच्या कपॅसिटरमधून रीसेट पिनेला जोडलेली असते. आयडीईने अपलोड करताना पोर्ट उघडला की डीटीआर खाली जाते, चिप रीसेट होते आणि बूटलोडर जागा होऊन नवीन स्केच घेतो, तुम्हाला बटण दाबावं लागत नाही. पण पोर्ट उघडणारा आयडीई आहे की पिकोकॉम की तुमची स्क्रिप्ट, हे त्या कपॅसिटरला काय माहीत.

आता नरकासुराचंच घ्या. आत वायपरची मोटर, खांद्याला लिमिट स्विच, बोर्ड चालू झाला की हात आधी खाली ‘होम’ला आणायचा असं स्केचमध्ये पहिल्याच ओळींत लिहिलेलं. स्पर्धेचे परीक्षक समोर उभे, डोळे लाल पेटलेत, हात वर, आणि कोणीतरी मागे ‘जरा व्हॅल्यू बघूया’ म्हणून टर्मिनल उघडतो. रीसेट, होम, हात खाली. बघणाऱ्यांना वाटतं राक्षस दमला.

उपाय असे. शोच्या वेळी रीसेट आणि जीएनडीच्या मध्ये १० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावा (प्लस रीसेटकडे), रीसेटचा झटका तो गिळून टाकतो, फक्त अपलोडच्या वेळी काढायला विसरू नका. दुसरा उपाय सॉफ्टवेअरचा, पोर्टाची सेटिंग बदलणारी कमांड: ‘एसटीटीवाय -एफ’ (एफ कॅपिटल), पुढे पोर्ट, पुढे ‘-एचयूपीसीएल’. त्याने पोर्ट बंद करताना डीटीआर सोडली जात नाही, त्यामुळे पुढच्या वेळी उघडताना झटका बसत नाही. ही कमांड स्वतः पोर्ट उघडते तेव्हा एक रीसेट होणारच, म्हणून शो सुरू होण्याआधी चालवून ठेवा. तिसरा आणि खरा उपाय: पोर्ट एकदा उघडा आणि शेवटपर्यंत उघडाच ठेवा.

ईएसपी३२ बोर्डांवर डीटीआर आणि आरटीएस अशा दोन लायनी दोन ट्रान्झिस्टरांमधून चिपेच्या ईएन आणि जीपीआयओ० ला जातात. एखाद्या प्रोग्रामने त्या चुकीच्या अवस्थेत धरून ठेवल्या तर बोर्ड रीसेटमध्येच अडकून राहतो आणि स्क्रीनवर शून्य शांतता. अशा वेळी दुसरा प्रोग्राम लावून बघा, किंवा पिकोकॉममध्ये कंट्रोल-ए कंट्रोल-टी ने डीटीआर आणि कंट्रोल-ए कंट्रोल-जी ने आरटीएस बदलून बघा.

एकच कमांड पाठवायचीय, नुसतं एको करून चालेल का?

चालेल, पण आधी पोर्टाला शिस्त लावावी लागते. ‘एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवाययूएसबी० ११५२०० रॉ -एको’, मग ‘एको "हात वर" > /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ (बोर्डाला समजणारा शब्द अर्थात तुम्ही ठरवलेला). रॉ आणि -एको दिलं नाही तर लिनक्स मध्ये पडून ओळींशी खेळतो, आणि बोर्डाने पाठवलेलं बोर्डालाच परत ऐकवतो, मग बोर्ड स्वतःशीच वाद घालत बसतो.

पण वरचा रीसेटचा प्रश्न आठवा, प्रत्येक एको पोर्ट उघडतो आणि बंद करतो, ऊनो प्रत्येक वेळी रीसेट होतो आणि बूटलोडर जागा असेपर्यंत तुमची कमांड हवेत जाते. म्हणून बॅशमध्ये पोर्ट एका नंबराला बांधून ठेवायचा: ‘एक्झेक ३<> /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’, मग ‘स्लीप २’, मग हवं तितक्या वेळा ‘एको ... >&३’, आणि ऐकायला दुसरीकडे ‘कॅट <&३ &’. ती स्क्रिप्ट चालू आहे तोवर पोर्ट उघडा राहतो.

मॅकवर एफ स्मॉल, आणि तिथे पोर्ट बंद झाला की सेटिंग पुसली जाते, म्हणून आधी पोर्ट नंबराला बांधा आणि मगच एसटीटीवाय चालवा.

मी टाईप केलेलं दिसत नाही. / दोनदा दिसतं.

दिसत नसेल तर बोर्ड ते परत पाठवत नाहीये, एवढंच. अक्षरं जातायत. पिकोकॉमला सुरू करतानाच ‘--एको’ द्या, किंवा आत असताना कंट्रोल-ए कंट्रोल-सी. दोनदा दिसत असेल तर दोन्हीकडून दाखवलं जातंय, एकीकडचं बंद करा.

मिनिकॉममध्ये मात्र टाईप केलेलं खरोखरच जात नसेल असं होऊ शकतं: त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू असलं की तो सीटीएस वायरीवरच्या सिग्नलची वाट बघतो, आणि आपल्या तीन वायरींच्या जोडणीत ती वायरच नसते. ‘सुडो मिनिकॉम -एस’ करून सीरियल पोर्टच्या मेनूत ते ‘नो’ करा.

एंटर मारलं तरी बोर्ड ऐकत नाही, आणि ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत जातात.

दोन्ही एकाच घराण्यातले आजार. ओळ संपली हे सांगायला दोन अक्षरं आहेत, सीआर म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जा आणि एलएफ म्हणजे एक ओळ खाली उतर. पिकोकॉममध्ये एंटर मारलं की फक्त सीआर जातो. तुमचं स्केच एलएफची वाट बघत असेल तर ‘--ओमॅप सीआरएलएफ’ द्या, म्हणजे सीआरच्या जागी एलएफ जाईल. गंमत म्हणजे ‘रीडस्ट्रिंगअंटिल’ वापरणाऱ्यांना बोर्ड ऐकतो पण बरोबर एक सेकंद उशिरा, कारण त्या फंक्शनची डीफॉल्ट वाट बघायची मुदत १००० मिलिसेकंद, एलएफ आलाच नाही म्हटल्यावर मुदत संपली की जे जमलं ते घेऊन पुढे जातं. असा एक सेकंदाचा उशीर दिसला की ओळखायचं.

जिना दिसतो तेव्हा बोर्डाकडून नुसता एलएफ येतोय. ‘--आयमॅप एलएफसीआरएलएफ’ द्या. आर्डुइनोचं ‘प्रिंटएलएन’ दोन्ही पाठवतं त्यामुळे तिथे हे होत नाही, सी मध्ये प्रिंटएफ लिहिणाऱ्यांना होतं.

कुळागरातल्या ओलाव्याच्या सेन्सरचे आकडे रात्रंदिवस फाइलीत, वेळेसकट हवेत.

टीआयओला ‘--टाइमस्टॅम्प’ आणि ‘--लॉग’ द्या, काम झालं. ते नसेल तर मोअरयुटिल्स पॅकेजमधलं ‘टीएस’ घ्या: पोर्टावर एसटीटीवाय लावून ‘कॅट’ केलेलं पाइपने टीएसला, तिथून ‘टी’ला (स्पेलिंग टी-ई-ई), तिथून फाइलीत. मध्ये ग्रेप घालत असाल तर त्याला ‘--लाईन-बफर्ड’ द्या, नाहीतर तो बराच माल जमवून एकदम सोडतो आणि तुम्हाला वाटतं सेन्सर बंद पडला.

फाइल फुगेल ही भीती नको. सेकंदाला ४० अक्षरांची एक ओळ धरली तरी दिवसाला साडेतीन एमबी होत नाहीत, आणि मातीचा ओलावा सेकंदासेकंदाला बदलत नसतो, मिनिटाला एक ओळ पुष्कळ झाली. एसएसएच तुटलं तरी लॉग चालू राहायला हवा असेल तर हे सगळं टीमक्सच्या आत चालवा, किंवा सिस्टिमडीची सर्व्हिस करा. पावसात लाईट जाऊन-येऊन असते तिथे सर्व्हिसच बरी, रास्पबेरी पाय परत चालू झाला की आपण उठायच्या आधी लॉग सुरू झालेला असतो.

एलईडी पट्टी लावल्यापासून कमांडमधली अक्षरं गळायला लागली.

हा प्रश्न दिसतो साधा पण यात बऱ्याच पोरांच्या रात्री जातात. डब्ल्यूएस२८१२ ची पट्टी फार काटेकोर वेळेवर चालते, एका एलईडीला २४ बिट, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. त्या वेळेत ढवळाढवळ होऊ नये म्हणून ऊनोवर नेहमीच्या लायब्ऱ्या इंटरप्ट (हातातलं काम थांबवून आलेला बाइट उचलायची सोय) बंद ठेवतात. ३०० एलईडी म्हणजे ९ मिलिसेकंद बोर्ड बहिरा. तेवढ्या वेळात ११५२०० ला शंभरावर बाइट येऊन जातात आणि चिपेच्या हार्डवेअरमध्ये जागा असते दोन-तीन बाइटांची. आर्डुइनोचा ६४ बाइटांचा बफर आहे खरा, पण तो भरायलाही इंटरप्टच लागतो, त्यामुळे इथे त्याचा काही उपयोग नाही.

९६०० ला आणून सुटका होईल असं वाटतं, पण ९ मिलिसेकंदांत तिथेही आठ-नऊ बाइट येतात. म्हणून बोर्डालाच बोलू द्या: पट्टी रंगवून झाली की त्याने ‘ओके’ पाठवायचं, लॅपटॉपने ‘ओके’ मिळाल्याशिवाय पुढची कमांड पाठवायची नाही, आणि बोर्डाने पूर्ण ओळ हातात येईपर्यंत पुढची फ्रेम रंगवायची नाही. नाहीतर ईएसपी३२ घ्या, त्याला ही पट्टी स्वतंत्र हार्डवेअरने चालवता येते.

पट्टी नसतानाही अक्षरं गळत असतील तर स्केचमध्ये लांबलचक ‘डिले’ शोधा. ६४ बाइटांचा बफर ११५२०० ला साडेपाच मिलिसेकंदांत भरतो, मग पुढचं सगळं सांडतं.

बोर्डाला यूएसबी नाही, नुसत्या पिना आहेत. कुठली वायर कुठे?

टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला, आणि जीएनडी जीएनडीला. तिसरी वायर नसेल तर पहिल्या दोघींना अर्थ नाही. ईएसपी३२, ईएसपी८२६६, पिको, रास्पबेरी पाय हे ३.३ व्होल्टचे, त्यांच्या आरएक्सवर ५ व्होल्ट सोडू नका. ऊनोच्या टीएक्सवरून ईएसपी३२ कडे जायचं तर मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर टाका, ५ चे ३.३ होतात.

जुन्या कारखान्यातल्या यंत्राचा किंवा वजनकाट्याचा नऊ पिनांचा डी कनेक्टर असेल तर तो आरएस-२३२, तिथे १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते १५. तो थेट मायक्रोकंट्रोलरला लावलात तर पिन जळते. मध्ये मॅक्स२३२ जातीची चिप हवीच, ३.३ व्होल्टसाठी मॅक्स३२३२.

संशय आला की लूपबॅक करा: यूएसबी-सीरियल मॉड्यूलचे स्वतःचेच टीएक्स आणि आरएक्स एका वायरीने जोडा आणि पिकोकॉममध्ये टाईप करा. अक्षरं परत दिसली तर पोर्ट, परवानगी, ड्रायव्हर, केबल सगळं ठीक, दोष पलीकडे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण लोक ते सगळ्यात शेवटी करतात.

घरापासून पंप साठ-सत्तर मीटर आहे. तेवढी केबल ओढू का?

टीटीएल सीरियलची (थेट बोर्डाच्या पिनांवरची) नको. दोन-चार मीटरपर्यंत ९६०० ला ठीक, पुढे पोफळींच्या ओळींतून वायर गेली की ती ॲन्टेना होते, आणि पंपाचा स्टार्टर पडताना जो झटका येतो तो सरळ बोर्डात. आरएस-४८५ ची मॉड्यूल घ्या, दोन टोकांना दोन, पीळ दिलेली जोडवायर, दोन्ही टोकांना १२० ओहम. कमी स्पीडला ते १२०० मीटरपर्यंत जातं, तुमचे सत्तर त्याच्या खिजगणतीत नाहीत. कमांड लाईनवर काहीच बदलत नाही, यूएसबी-आरएस४८५ अडॅप्टरही टीटीवाययूएसबी म्हणूनच येतो. फरक एवढाच की एका वेळी एकानेच बोलायचं.

मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटाचं मात्र गांभीर्याने घ्या. बाहेरून येणारी लांब केबल लॅपटॉपला थेट लावू नका, आयसोलेटेड अडॅप्टर मिळतो तो वापरा, आणि विजा सुरू झाल्या की कनेक्टर उपसून ठेवा. आयसोलेटर असला तरीही. पंपाच्या २३० किंवा ४१५ व्होल्टच्या बाजूला हात घालायचं काम वायरमनचं.

बोर्ड काढून लावला की यूएसबी० चा यूएसबी१ होतो, स्क्रिप्ट फसते.

‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’ मध्ये बघा, तिथे चिपेच्या नावासकट कायमची नावं असतात, स्क्रिप्टीत तीच घाला. दोन सीएच३४० बोर्ड असतील तर तिथे घोळ होतो, कारण त्यातल्या बहुतेकांना स्वतःचा सीरियल नंबर नसतो, मग ‘बाय-पाथ’ वापरा, ते कुठल्या यूएसबी सॉकेटात लावलंय त्यावर चालतं. म्हणजे सॉकेट बदलायचं नाही, त्यावरही टेप लावा.

‘डिव्हाइस बिझी’?

‘फ्यूजर -व्ही’ आणि पुढे पोर्ट, कोण धरून बसलाय ते कळतं. बहुतेक वेळा मागे राहिलेला स्क्रीन, नाहीतर दुसऱ्या डेस्कटॉपवर उघडा राहिलेला आयडीई. बोर्ड लावल्यावर पहिले काही सेकंदच बिझी येत असेल तर मोडेममॅनेजर आहे, तो नवीन पोर्ट मोडेम आहे का ते विचारत असतो, डोंगल वापरत नसाल तर त्याची सर्व्हिस बंद करा.

मायक्रोपायथन असेल तर?

त्याच पद्धतीने जोडा, एंटर मारा, तीन मोठेपेक्षा-चिन्हं दिसतील. प्रोग्राम चालू असेल तर कंट्रोल-सी ने थांबतो, कंट्रोल-डी ने सॉफ्ट रीसेट. फाइली पाठवायच्या असतील तर एमपीरिमोट टाका.

फोनवरून जमेल का? मैदानात लॅपटॉप नको वाटतो.

ओटीजी केबल आणि एखादं सीरियल टर्मिनल ॲप, बघण्यापुरतं छान जमतं. रूट न केलेल्या अँड्रॉइडवर टर्मिनलमधून थेट /डेव्हमधला पोर्ट उघडायला मिळत नाही, त्यामुळे वरच्या स्क्रिप्टा तिथे चालणार नाहीत. फोन बोर्डाला करंट देतो हेही लक्षात ठेवा, सर्वो मोटरी फोनवर चालवू नका.

बॅशपेक्षा पायथनमध्ये लिहू का?

उत्तर ऐकून पुढचं ठरवायचं असेल तर हो, पायसीरियल घ्या. पोर्ट उघडताना ‘टाइमआउट’ द्याच, नाहीतर ‘रीडलाईन’ अनंतकाळ वाट बघत बसतं. उघडल्यावर ऊनोसाठी दोन सेकंद झोप, मग ‘रीसेट इनपुट बफर’ करून बूटच्या वेळचा कचरा टाका, मग कामाला लागा. पाठवताना स्ट्रिंग नाही, बाइट पाठवायचे, आणि शेवटी एलएफ स्वतः जोडायचा, पायसीरियल तो तुमच्या वतीने जोडत नाही.